पक्का काळा रंग आणि फुंकणी

श्रम करणारा हात पूज्य असतो. आमच्या वर्धा जिल्ह्यात त्या काळी हे वाक्य रोज कुणी ना कुणी म्हणत असे. सभेत म्हणत, प्रभातफेरीत म्हणत, मी स्वतः सातवीच्या वर्गात म्हटलेलं आहे. मात्र माझ्या शेजाऱ्यांच्या ज्या उजव्या हाताविषयी मी लिहायला बसलो आहे, त्या हाताला त्याच्या स्वतःच्या घरात पूजेच्या ताटाला लागायची परवानगी नव्हती. कणकेला नव्हती, पांढऱ्या चादरीला नव्हती, आणि लेकीच्या लग्नात व्याह्यांना कुंकू लावायलाही नव्हती. ते काम त्यांनी डाव्या हातानं केलं आणि व्याही वर्षभर रुसले.

हात कोपरापर्यंत काळा होता. अस्वच्छ नव्हे, काळा. साबण, राख, लिंबू, रॉकेल, सगळं लावून झालं होतं. तळव्याचा मनगटाकडचा भाग तर टाचेसारखा घट्ट झालेला. बोलता बोलता ते तो भाग समोर असेल त्या वस्तूवर दोनदा आपटत आणि म्हणत, "बसलं." हे त्यांचं वाक्य. लग्न जमलं की "बसलं." पोराचा ताप उतरला की "बसलं." नागपूरची गाडी सिंदीला थांबली तरी आमच्या गल्लीतल्या ओट्यावर ठक-ठक, आणि "बसलं."

मी तेव्हा सिंदीच्या शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत भाड्यानं राहत होतो. ते बनियनवर अक्षरं छापत. तालमीची नावं, शाळेच्या संघांची नावं, गणपतीच्या स्वयंसेवकांची नावं. अर्ध्या बाह्यांचं बनियन घ्यायचं, त्याच्या आत लाकडी फळी घालायची म्हणजे रंग पाठीवर उतरत नाही, रंगाच्या ओल्या गादीवर सागवानी ठसा दाबायचा, तो छातीवर ठेवायचा आणि वरून हाताच्या त्या टाचेनं दोन ठोके द्यायचे. दिवसभर उभ्यानं. प्रत्येक ठोक्याला माझ्या बाजूचं कॅलेंडर खिळ्यावर हलत असे. दिवाळीच्या सुमारास ते खाली पडलं की समजावं, तालमींची मागणी आली.

पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला विचारलं होतं, "काऊन गुरुजी, आवाजाचा तरास होते का?"

"होतो," मी म्हणालो.

"होईन सवय," ते म्हणाले. "मले बी झाली." आणि ओट्यावर दोन ठोके दिले.

हात दुखत नाही का, असं मी एकदा विचारलं. त्यांनी तळवा माझ्यासमोर धरला. "हा हात नाई, गुरुजी. हा माहा तिसरा पाय आहे." खरं म्हणजे दुखत असे. थंडीत त्यांना सकाळी बंडीच्या गुंड्या लावता येत नसत. त्या त्यांची बायको लावून देई आणि लावताना दोघंही दुसरीकडे पाहत.

आधी ते रुईच्या प्रेसमध्ये होते. दाबलेल्या गाठींवर व्यापाऱ्याची खूण काढायचं काम. एकदा एका गाठीची लोखंडी पट्टी ताण सहन न होऊन सुटली आणि त्यांच्या डाव्या कानाची पाळी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रेस सोडली. "कापसाची धूळ, त्याच्यात हे पट्टे. म्हटलं, आता मोकळ्या हवेत काम कराचं," ते सांगत. मग त्यांनी टिनाच्या छपराची एक खोली घेतली आणि तिचं दार लावून घेतलं.

दार लावण्याला कारण होतं. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत असेल. चैत्र संपता संपता जी हवा सुटते, तिच्यात ओलं फडकं दोरीवर टाकेपर्यंत अर्धं वाळतं. दार उघडं ठेवलं तर रंग गादीवरून ठशावर आणि ठशावरून कापडावर जायच्या आत वाळून जाई, अक्षरं फुटत. शिवाय त्यांच्या काळ्या रंगाला दमट ऊब लागे. नागपूरहून कसल्याशा भुकट्या आणि एक तेलकट औषध आणून ते तो रंग घरीच शिजवत. छापताना अक्षरं जेमतेम दिसत. दोरीवर टांगली की आधी हिरवट होत आणि सकाळपर्यंत अशी काळी, की बनियन फाटलं तरी अक्षरं राहत. या काळ्यासाठी हिंगणघाटपासून लोक येत. याचं त्यांना फार भूषण होतं. बाकी कशाचा अभिमान मी त्यांच्यात पाहिला नाही, पण त्या काळ्याला कुणी "चांगला आहे" म्हटलं तर ते नाराज होत. "चांगला नाई. पक्का आहे."

त्या औषधाला शिळ्या मासळीसारखा वास होता. आमची गल्ली माळकऱ्यांची. नवा भाडेकरू आला की त्याची बायको पहिल्या दिवशी नाकाला पदर लावून चौकशी करी, "काय शिजवून राह्यले बाप्पा तुमी?" जुन्या लोकांना वास येईनासा झाला होता. त्यांना स्वतःलाही येत नसे, आणि वास येत नाही म्हणजे काही होत नाही, असं त्यांचं शास्त्र होतं. वर संध्याकाळी गुळाचा खडा खायचा. गुळानं छाती साफ होते, असं प्रेसमधली माणसं म्हणत. ते अजून म्हणत. प्रेसमधली किती माणसं साफ छातीनं म्हातारी झाली, हे मी विचारलं नाही.

त्यांच्या बायकोचं शास्त्र वेगळं होतं. काळ्याचं काम असलं की संध्याकाळी ती त्यांना दारात उजेडाकडे तोंड करून उभं करी आणि ओठ पाही.

"आरशात पाहा जरा. जांभळं खाल्ल्यावानी झाले."

"उन्हानं झाले."

"दार लावून ऊन आत कुठून आलं? उद्या काळा नाई कराचा."

आणि दुसऱ्या दिवशी खरोखर काळा होत नसे. रंगाच्या खोलीची किल्ली तिच्या कमरेला असे. डोकं दुखतं, जिना चढताना धाप लागते, या गोष्टी ते लपवू शकत. ओठ लपवता येत नसत. असं काही महिने चाललं. मग एके दिवशी हे गृहस्थ, ज्यांनी जन्मात सुपारी चघळली नव्हती, पान खाऊ लागले.

एक नाही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. ओठ लालभडक. बंडीवर लाल-तपकिरी शिंतोडे, धोतरावर शिंतोडे. चुना, कात, सुपारी यांचा डबाच घरात आला. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, हवालदिल होऊन माझ्या बायकोकडे आल्या. या वयात माणूस एकदम पान खायला का लागतो, याची दोन-तीन कारणं गल्लीत चर्चेला होती आणि त्यांतलं एकही धार्मिक नव्हतं. माझी बायको गल्लीतली नव्हती, तिचं माहेर वर्ध्याचं, तिनं थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, "वहिनी, पान सुरू झाल्यापासून ओठ कधी निळे दिसले का?"

वहिनी उठून घरी गेल्या. भांडण होईल म्हणून मी कान देऊन बसलो होतो. आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी ओट्यावरून पाहिलं: हे गृहस्थ चुलीसमोर उकिडवे बसलेले, हातात लोखंडी फुंकणी, आणि वहिनी मागे उभ्या.

"पह्यले फुंका. मंग जेवा."

"चुलीले काय समजते माह्या छातीतलं?"

"तुमच्याहून जास्त समजते. फुंका."

नियम असा की एका दमात जाळ उठला पाहिजे. उठला तर उद्या किल्ली. नुसती राख उडाली तर दोन दिवस लाल रंग. लाल रंग निरुपद्रवी होता. धुतला की गुलाबी होई आणि पैलवान लोकांना ते आवडत नसे. लोक हसले. पुरुषमाणूस चूल फुंकतो म्हणून काही दिवस त्यांची फार चेष्टा झाली. ते ऐकून घेत. एकदा मला म्हणाले, "हसू द्या गुरुजी. फुंकणी तरी खोटं बोलू देत नाई. डॉक्टर तर पान पाहूनच परत गेला असता." पण पान सोडलं नाही. म्हणाले, आता आवडू लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात सेलूच्या बाजूला एका नाल्यावर बंधारा घालायचं श्रमदान शिबिर ठरलं. शहाणी माणसं मेमध्ये खोदकाम करीत नाहीत, पण शिबिरं मेमध्येच होत, कारण शाळा-कॉलेजांना सुट्टी असे. शिबिराचे चिटणीस एका सकाळी जीपमधून आले. खादीचा स्वच्छ झब्बा, बोलणं मृदू. सगळ्या स्वयंसेवकांना बनियनं हवी होती. छातीवर वरच्या ओळीत "श्रमाला" आणि खालच्या ओळीत "प्रतिष्ठा". बनियनं गिरणीची होती, त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

"घामानं जायला नको," चिटणीस म्हणाले. "तुमचा तो पक्का काळा हवा."

वहिनी दारात होत्या. "लाल काऊन नाई चालत?"

"वहिनी, तांबड्याचा अर्थ वेगळा निघतो. आमचं शिबिर त्या पक्षाचं नाही."

"निळा करा."

"त्याचाही निघतो."

"मंग काही छापूच नका," वहिनी म्हणाल्या. हे त्या सकाळी बोललं गेलेलं सर्वांत शहाणं वाक्य होतं, पण कामाला हो म्हणून झालं होतं. त्यांनी ठक-ठक केलं होतं.

निघताना चिटणीसांनी खिशातून एक सुतळी काढली. हे अध्यक्षांचं माप. अध्यक्ष पहिली कुदळ मारणार होते आणि फोटोही निघणार होता. छातीवरचं वाक्य स्पष्ट वाचता आलं पाहिजे. सुतळी पोटाभोवती पुरली नव्हती म्हणून तिला रुमालाची गाठ मारून लांबवली होती. बनियनवर ताण पडला की अक्षरं ताणतात, तेव्हा छापतानाही आत तेवढीच रुंद फळी हवी. आमच्या शेजाऱ्यांनी सुतळी आणि रुमाल जमिनीवर पसरून पाहिलं. मग म्हणाले, "दाराएवढी फळी लागन." सुतारानं खरोखरच एका जुन्या दाराची फळी कापून दिली.

वहिनींनी अट घातली: दार उघडं. दारावर ओली गोणपाटं टांगायची, ती वाळली की पुन्हा भिजवायची, पाणी त्या आणतील. ते कबूल झाले. काम सुरू झालं. मला शाळेची सुट्टी होती. मी भिंतीपलीकडे वाचत पडलेला असे. ठक-ठक, "बसलं." ठक-ठक, "बसलं." वरची ओळ, खालची ओळ. गोणपाट भिजलं की ठोके भरभर येत. वाळू लागलं की मधे थांबत, शिव्या ऐकू येत, ठसा पुसल्याचा आवाज येई. हवेपुढं गोणपाटाचं काय चालणार? खालची ओळ बारीक कोरलेली होती, तिच्यात रंग वाळून बसे. निम्मी बनियनं टाकून द्यावी लागतील अशी वेळ आली.

एका दुपारी वहिनी घागर आणि कळशी घेऊन स्टेशनच्या विहिरीवर गेल्या. मी दाराची कडी लागल्याचा आवाज ऐकला. मग ठोके सुरू झाले, आणि मी सांगतो, इतके सुरेख ठोके मी त्या भिंतीतून कधी ऐकले नव्हते. एकसारखे, न अडखळता. हवा बंद झाली होती आणि रंग ऐकत होता. थोड्या वेळानं "बसलं" म्हणणं बंद झालं. मग एका ओळीला दोनाऐवजी एकच ठोका येऊ लागला. मग वरची ओळ झाली आणि खालची आलीच नाही.

मी वाट पाहिली. कॅलेंडर हलेना, तेव्हा उठलो.

दार आतून लावलेलं. मी खांदा दिला तेवढ्यात मागून वहिनी आल्या. त्यांनी भरलेली घागर तिथंच टाकली आणि दोघांच्या धक्क्यानं कडी उखडली. ते बनियनच्या ढिगाला टेकून बसले होते. तोंडात पान नव्हतं. ओठ, नखांच्या मुळाशी जी जागा काळी व्हायची राहिली होती ती, कान, सगळं निळं-करडं. आम्ही त्यांना काखेत धरून ओढत लिंबाखाली आणलं. वहिनींनी फुटक्या घागरीत उरलेलं पाणी डोक्यावर ओतलं. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलले.

"दार लावा. रंग वाळून राह्यला."

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले. त्यांनी ते तेलकट औषध हुंगून पाहिलं आणि बाटली हातभर लांब धरली. म्हणाले, हे नाकातून जातं, कातडीतूनही जातं, रक्त निकामी करतं. आजवर हे वाचले याचं आश्चर्य आहे. पुन्हा हा रंग केलात तर मला बोलावू नका, काही उपयोग होणार नाही. संध्याकाळी वहिनींनी शेगडी खाटेजवळ आणली. फुंकणी त्यांच्या तोंडाशी धरली. त्यांनी फुंकलं. निखारा हललासुद्धा नाही. वहिनींनी फुंकणी उशीशेजारी ठेवली आणि त्या रात्रीचा स्वयंपाक आमच्या चुलीवर झाला.

सकाळी ते खाटेवर उठून बसायची खटपट करीत होते. थोडी बनियनं राहिली होती आणि त्यांत अध्यक्षांचं होतं.

"शब्द देल्ला मी."

"मी नाई देल्ला," वहिनी म्हणाल्या. त्या अध्यक्षांच्या फळीवर दारात बसल्या होत्या, म्हणजे फळी उचलायची तर त्यांना उचलावं लागलं असतं. मोरीजवळ धुवायच्या कपड्यांचा ढीग पडला होता. त्या ढिगाकडे पाहता पाहता त्या एकदम थांबल्या. उठल्या, त्यांचं एक धोतर ओढून काढलं आणि मला दाखवलं.

"गुरुजी, पानाचा डाग निघते का कधी? वर्ष झालं घासून राह्यली मी. सोडा लावला, उन्हात टाकलं. कुठं निघाला?"

खाटेवरून क्षीण आवाज आला. "काताचं छापकाम कोणी केलं काय?"

"तुमी करून राह्यले ना वर्षभर. धोतरावर."

पानाच्या डब्यातला सगळा कात पातेल्यात गेला. कमी पडला म्हणून पानवाल्याकडचा आला. त्यात थोडा चुना, खळीसाठी भाताची पेज. दार सताड उघडं. रंग दाट होता आणि सकाळची हवा होती, त्यामुळे वाळायची घाई नव्हती. माझी बायको फळी धरून उभी राहिली. वहिनींच्या तळव्याला ठोका देणं जमेना, तेव्हा त्यांनी खलबत्त्यातला बत्ता घेतला.

"ठसा फुटन!" खाटेवरून.

"फुटू द्या."

ठक.

"हलका झाला. अजून एक."

ठक.

ते डोळे मिटून पडले होते. कापड दिसत नव्हतं. कानानं ऐकत होते, जसा मी भिंतीपलीकडून इतकी वर्षं ऐकत आलो होतो. डावीकडे जोर कमी पडला, जरा खाली ओढा, आता उचला, सरळ उचला. शेवटी अध्यक्षांचं बनियन त्या दाराएवढ्या फळीवर चढवलं. खालची ओळ पडली, तेव्हा खाटेच्या लाकडावर दोन हलके ठोके ऐकू आले.

"बसलं."

शिबिराला मी गेलो होतो. अध्यक्षांनी एक कुदळ मारली, ती फोटोसाठी पुन्हा मारली. मग भाषण केलं. स्वतःच्या छातीकडे बोट दाखवून ते म्हणाले की, बहुतेकांचं वाक्य काळ्या अक्षरांत आहे, पण माझं मातीच्या रंगात आहे. हा रंग कार्यकर्त्यांनी फार विचारपूर्वक निवडला आहे. टाळ्या झाल्या. चिटणीस गंभीरपणे मान हलवीत होते. मला जवळून काताचा आणि किंचित सुपारीचा वास येत होता.

परत येऊन मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "घामानं पसरलं काय?"

"नाही."

ते खाटेवर हात ठेवून नुसते पडून राहिले.

काळा पुन्हा झाला नाही. वहिनींनी ती बाटली कुठं नेऊन पुरली हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. पुढं दुकान तपकिरी रंगावर चाललं, आणि बरंच कमी चाललं. हिंगणघाटची माणसं यायची थांबली. ते पहाटे दार उघडून थोडं काम करीत आणि ऊन तापलं की ओट्यावर बसत. हाताचा काळा हळूहळू उतरला. आधी कोपराकडून, मग मनगटावरून, शेवटी नखांतून. एका गौरीच्या दिवशी वहिनींनी पूजेचं ताट त्यांच्या उजव्या हातात दिलं. ते कसं धरायचं हे त्यांना कळेना. त्यांनी ते ठशासारखं दोन्ही कडांनी धरलं.

नंतर दोघं लेकीकडे अल्लीपूरला राहायला गेले. एकदा मी भेटायला गेलो. पडवीत मोकळ्या हवेत बसले होते, वाळलेले, पण स्वस्थ. वहिनींनी चहा ठेवला. लाकडं ओली होती, धूर झाला. ते न सांगता उठले, चुलीपाशी उकिडवे बसले, फुंकणी घेतली. जाळ उठला. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, मग वहिनींकडे. वहिनी दुसरीकडे पाहत होत्या, पूर्वी गुंड्या लावताना पाहत तशाच.

"चहा पिऊन जाजो गुरुजी, घाई कराची नाई," ते म्हणाले.

तिथंच पुढं काही वर्षांनी ते गेले. छातीनं नाही, टायफॉइडनं. कळलं तेव्हा माझी बदली झालेली होती आणि जाणं झालं नाही.

सिंदी सोडताना वहिनींनी अध्यक्षांची फळी माझ्या बायकोला दिली होती. ती आमच्याकडे आहे. बनियनमधून झिरपलेलं "श्रमाला प्रतिष्ठा" तिच्यावर अजून तपकिरी अक्षरांत स्वच्छ वाचता येतं. धुऊन जात नाही. दर उन्हाळ्यात आम्ही तिच्यावर पापड वाळत घालतो. पापड घातले की ते दिसत नाही.